घरचा डबा दारात ठेवून घेता, तर आत साधे खाणे मिळू द्या

प्रति,
मा. संपादक,

विषय : थीम पार्कमधील झटपट खाणे, त्याचे दर आणि शालेय सहली

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की सहलीच्या परवानगीचे कागद फिरू लागतात आणि एसटीच्या आगारात गाडीची मागणी नोंदवली जाते. शालेय सहलीसाठी भाड्यात मिळणाऱ्या ५० टक्के सवलतीमुळे आमच्याकडच्या शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलांनाही घराबाहेरचे जग पाहता येते. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत १९ वर्षे शिकवते आहे आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे सहलप्रमुख म्हणून मुलांबरोबर गेले आहे. पूर्वी सहल म्हणजे एखादा गड, एखादे देवस्थान आणि समुद्रकिनारा असे ठरलेले असे. आता मुले आणि पालक दोघेही थीम पार्क मागतात आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. उंच पाळण्यातून उतरल्यावर ‘बाई, मी डोळे उघडे ठेवले होते’ असे सांगत धावत येणाऱ्या मुलीचा आनंद मी पाहिलेला आहे. परंतु अशा ठिकाणी मुलांनी दिवसभरात काय खावे, ते किती पैशांत मिळावे आणि निवडायला त्यांच्यापुढे काय असावे, याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही सातवी-आठवीच्या ४२ मुलांना घेऊन अशाच एका पार्कमध्ये गेलो होतो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण हा अनुभव मला एकाहून अधिक ठिकाणी आलेला आहे आणि एकाच जागेला दोष देऊन प्रश्न सुटणारा नाही. गाडी पहाटे साडेतीनला सुटली. साडेदहाला आम्ही प्रवेशद्वारापाशी पोहोचलो, तेव्हा सुरक्षारक्षकांनी प्रत्येक पिशवी उघडून खाण्याचे पदार्थ बाजूला काढायला सांगितले. गाडीत ठेवा, नाहीतर या पिंपात टाका, असे ते म्हणाले. गाडी लांबच्या वाहनतळावर गेलेली होती. माझ्या वर्गातील एका मुलीच्या पिशवीत जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली धपाटी होती आणि त्यासोबत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. तिची आई रोजंदारीवर शेतात जाते. ती रात्री दोनला उठून धपाटी थापायला बसली होती, हे मला नंतर कळले. मुलीने गाठोडे छातीशी धरले आणि विचारले, ‘बाई, आईनं सगळ्यांपुरती दिल्यात. टाकून द्यायची का?’

टाकली नाहीत. आम्ही सर्वांनी तिथेच, फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर, उभ्याउभ्या ती खाल्ली आणि इतरांचे डबेही तिथेच संपवले. रक्षकांपैकी एकाने पाण्याची बाटली आणून दिली, हेही मला नोंदवले पाहिजे, कारण नियम त्याने केलेला नव्हता.

खरी अडचण त्यानंतर, दुपारी एकच्या सुमारास सुरू झाली. शाळेने मुलांना वरखर्चासाठी प्रत्येकी २०० रुपयांची मर्यादा घातलेली होती. जेवणासह असलेले तिकीट आम्ही घेतले नव्हते, कारण त्या जास्तीच्या रकमेमुळे किमान सहा-सात मुलांचे सहलीला येणेच रद्द झाले असते. तीच धपाटीवाली मुलगी एका खिडकीसमोर उभी होती आणि मी तिच्या मागे होते. वरच्या फलकावर मोठमोठी रंगीत छायाचित्रे होती आणि दर त्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. बटाट्याचे तळलेले काप १४० रुपये, लहान पेल्यातले थंड पेय ८०, पाण्याची बाटली ५०, बर्गर व पेय असा ‘कॉम्बो’ २४९. तिने मुठीतल्या नोटा मोजल्या, पुन्हा फलकाकडे पाहिले, ओठ हलवून बेरीज केली आणि काप व पाणी घेतले. उरले दहा रुपये. त्या कापांवर वरून आणखी मसालेदार मीठ भुरभुरलेले होते. अर्ध्या तासाने ती मैत्रिणींसोबत झोके घेणाऱ्या मोठ्या जहाजात बसली आणि उतरताच तिला उलटी झाली. उरलेली दुपार ती माझ्याजवळ बाकावर बसून होती. पैसे जवळजवळ संपले होते, पोट रिकामे होते आणि घशाला कोरड पडली होती. तिच्यासाठी ताक कुठे मिळते का, म्हणून मी चार खिडक्या फिरले. शीतपेये सगळीकडे होती. ताक कुठेच नव्हते.

यात त्या मुलीचे काय चुकले, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. मुलांना चांगले-वाईट कळत नाही, जिभेला चटक लागली आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझा अनुभव तसा नाही. त्या फलकावर तिच्या ऐपतीतले जे दोन-तीन पदार्थ होते, ते सगळेच तळलेले, खारट किंवा साखरेचे होते. निवड करायला आधी निवडण्याजोगे काही असावे लागते.

पाळण्यांच्या जागी खाण्याचा विचार वेगळा करावा लागतो, हे आम्हा सहलप्रमुखांना सवयीने कळत जाते. शरीर गोल फिरत असताना कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरेच सांगतात. त्या विसंवादातून मळमळ सुरू होते. तेलकट पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात आणि फसफसणाऱ्या पेयांनी पोट फुगते, त्यामुळे अशा खाण्यावर लगेच पाळण्यात बसले की त्रास वाढतो. पूर्ण उपाशी पोटही चांगले नाही, कारण पहाटेपासून जागे असलेले मूल उन्हात रांगेत उभे राहून भोवळ येऊन पडते. पाण्याच्या खेळांचे आणखी निराळे. दोन तास पाण्यात डुंबून बाहेर आलेले मूल कुडकुडत असते आणि त्याला कडकडून भूक लागलेली असते. त्या वेळी त्याला आइस्क्रीम नव्हे, तर गरम आणि पोटाला आधार देणारे काही हवे असते. म्हणून दिवसभरात एकदाच भरपेट जेवण्याऐवजी दर अडीच-तीन तासांनी थोडे थोडे, साधे आणि कोरडे किंवा मऊ खाणे मुलांना मानवते. मुगाची खिचडी, उपमा, इडली, दहीभात, उकडलेले अंडे, केळे, काकडी-टोमॅटोचे सँडविच, शेव बेताची घातलेली सुकी भेळ, हंगामात उकडलेल्या शेंगा किंवा कणीस, आणि सोबत मीठ-जिरे घातलेले ताक. यातला एकही पदार्थ दुर्मीळ नाही, एकही महाग नाही आणि बहुतेक सगळे दोन मिनिटांत हातात देता येतात.

मिठाचे तेवढे थोडे सविस्तर सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि मुलांसाठी हे प्रमाण त्याहूनही कमी असावे. खारे काप, सॉस, वेफर्स आणि चीज घातलेला बर्गर असा दिवस गेला की ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. मग तहान लागते आणि तहानेवर विकत मिळते ते गोड पेय किंवा ५० रुपयांचे पाणी. खारट खाणे आणि महाग पाणी एकाच छताखाली विकले जात असेल, तर मुलांच्या खिशातले पैसे कुठे जातात, हे वेगळे सांगायला नको.

पार्कचालकांची बाजू मी समजून घेतली आहे. बाहेरचे खाणे आत येऊ दिले, तर पाण्याच्या कुंडांत वेफर्सची पाकिटे तरंगतात, हिरवळीवर उष्ट्याचे ढीग पडतात, उंदीर-घुशी वाढतात, कोणी मद्यही आणते, आणि एखाद्याला घरच्या शिळ्या अन्नाने बाधा झाली, तर दोष पार्ककडे येतो. आमच्याच मुलांनी बसथांब्यांवर टाकलेला कचरा मी उचलला आहे, त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येणार नाही. खाद्यविक्री हे त्यांच्या उत्पन्नाचे साधन आहे, हेही खरे. परंतु एखाद्याचा डबा दारात अडवला, की आतल्या दिवसभराच्या खाण्यापिण्याची जबाबदारी अडवणाऱ्यावर येते. फाटकाच्या आत माणसाला दुसरे दुकान नसते. तो उठून समोरच्या टपरीवर जाऊ शकत नाही, कारण एकदा बाहेर पडला की बहुतेक ठिकाणी त्या तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांबाबत दिलेला निर्णय आठवतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यावेत की नाही हे ठरवण्याचा चित्रपटगृहाच्या मालकाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र त्याच वेळी प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळते आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेल्या अन्नाला वाजवी प्रमाणात हरकत घेतली जात नाही, या बाबीही न्यायालयाने नोंदवल्या. तो निर्णय चित्रपटगृहांपुरता आहे, याची मला जाणीव आहे. तरीही चित्रपट तीन तासांत संपतो आणि थीम पार्कमध्ये माणूस उन्हात सात-आठ तास असतो. तिकडे जे पाणी विनामूल्य मिळते, ते इकडे तर आधी मिळायला हवे. काही पार्कमध्ये नळ असतातही, पण ते स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून, पाटी नसलेले आणि अनेकदा कोरडे असतात. मुलांना ते सापडत नाहीत आणि सापडले तरी त्यांतले पाणी प्यावेसे वाटत नाही.

बाटलीच्या दराबाबतही गोंधळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल व उपाहारगृहांना छापील किमतीपेक्षा अधिक दराने बाटलीबंद पाणी देण्याची मुभा असल्याचे म्हटले, कारण तेथे ग्राहक केवळ वस्तू विकत घेत नसून बसण्याची जागा आणि सेवाही घेत असतो. हे तत्त्व मला पटते. परंतु खिडकीतून बाटली हातात पडते, बसायला खुर्ची नसते, वाढायला कोणी येत नाही, अशा ठिकाणी ती कोणती सेवा आहे, याचे उत्तर वजनमापे आणि छापील किमतींवर देखरेख ठेवणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेने एकदा जाहीरपणे द्यावे, अशी माझी विनंती आहे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न कसा हाताळला जातो, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा येथील डिस्नेच्या पार्कमध्ये पाहुण्यांना घरचे खाणे आणि मद्यविरहित पेये आत नेता येतात. काचेची भांडी नकोत आणि गरम करावे लागणारे अन्न नको, एवढ्या अटी असतात. झटपट खाण्याच्या काउंटरवर थंड पाण्याचा पेला मागितला, तर तो विनामूल्य देतात, आणि कोणत्या काउंटरवर काय मिळते व केवढ्याला मिळते, हे घरबसल्या संकेतस्थळावर वाचता येते. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये मात्र घरचा डबा आत नेता येत नाही. परंतु तेथे प्रवेशद्वाराबाहेर डबा खाण्यासाठी स्वतंत्र जागा राखलेली आहे. जपानी आईही आपल्याकडच्या आईसारखीच पहाटे उठून डबा भरते आणि तो कुठे बसून खायचा, याची सोय त्या लोकांनी केली आहे. या पद्धतींपैकी कोणतीही एक आपल्याकडच्या चालकांनी उचलली, तरी शाळांचे निम्मे प्रश्न सुटतील. फाटकाबाहेर पत्र्याची एक शेड, चार बाके, हात धुवायला नळ आणि दुपारी त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडणारा हातावरचा शिक्का, याला फार मोठा खर्च येणार नाही.

त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. पुण्याजवळच्या सिंहगडावर जाऊन पाहावे. चढून दमलेल्या माणसाला तिथे आजूबाजूच्या गावांतल्या बायका गरम पिठलं-भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही देतात. तवा तापलेला असतो, भाकरी डोळ्यांसमोर थापली जाते, पिठले पातेल्यात रटरटत असते आणि सांगितल्यापासून पाच-सात मिनिटांत ताट पुढे येते. झटपट जेवण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आमची मुले तिथे एकेक भाकरी खाऊन दही संपवतात आणि पुन्हा तटावर पळतात. सहलीत सिंहगड केला, त्या वर्षांत मला कधीही कोणाला औषधाची गोळी द्यावी लागलेली नाही. राज्यातील महिला बचत गट मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शनात हजारो लोकांना प्रादेशिक पदार्थ करून वाढतात, म्हणजे गर्दी हाताळण्याचे कौशल्य त्यांच्याकडे आहे. प्रत्येक पार्कने एक काउंटर आसपासच्या गावांतील अशा गटाला दिला, तर मुलांना भाकरी मिळेल आणि ज्यांच्या शेजारी हे पार्क उभे राहिले, त्या गावांतील घरांत चार पैसे जातील.

जेवणासह मिळणाऱ्या तिकिटाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण अनेक शाळा नाइलाजाने तेच घेतात. पंगतीसारखी लांब रांग, त्यात पाऊण तास, आणि मग ताटात पनीरची तेलकट भाजी, नान, जिरा राइस आणि गुलाबजाम. लग्नाला साजेसे हे जेवण पाळण्यात बसायला निघालेल्या बारा वर्षांच्या मुलाला कशाला हवे? निम्मे ताट टाकले जाते. त्याऐवजी वरण-भात, एक भाजी, पोळी आणि ताक असे लहान ताट कमी दरात द्यावे आणि अर्धे ताट घेण्याची मुभा असावी. मुलांना भूक लागते तेव्हा जेवता यावे, म्हणून अकरा ते तीन अशी सलग वेळ ठेवावी. दुपारी एकच्या ठोक्याला सगळ्या शाळा एकाच दारात उभ्या राहतात आणि तो गोंधळ मुलांमुळे नव्हे, तर वेळापत्रकामुळे होतो.

पालक आणि शिक्षक यांच्याही हातात काही गोष्टी आहेत. कोणत्याही अधिकृत खाद्यविक्रेत्याच्या बिलावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, तो पाहावा. बिल मागावे, कारण बिल नसेल तर नंतर तक्रारीला आधार राहत नाही. तळणीचे तेल वारंवार तापवले की त्यात घातक घटक वाढतात आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम २०१८ पासून लागू आहे. आपल्याला ते मोजता येत नाही, हे खरे, परंतु कढईतले तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसत असेल, वास खवट येत असेल, तर मुलांना तिथून बाजूला न्यावे. शिजवलेले अन्न कोमट अवस्थेत तासन्‌तास काचेच्या कपाटात ठेवलेले असेल, तर तेही टाळावे. भात आणि दुधाचे पदार्थ अशा वेळी सर्वांत आधी बिघडतात. पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा मी सहलीत कधीच घेऊ देत नाही, कारण त्यातले पाणी कुठले, हे कोणीच सांगू शकत नाही. मुले माझ्यावर रुसतात. रुसू देत.

पार्कचालकांकडे माझी आणखी एक मागणी आहे आणि ती पूर्ण करायला त्यांना एक रुपयाही लागणार नाही. आत मिळणाऱ्या सर्व पदार्थांची दरासह यादी संकेतस्थळावर आणि तिकीट खिडकीजवळ मराठीत, ठळक अक्षरांत लावावी. ती आधी वाचता आली, तर वरखर्चाची मर्यादा किती ठेवायची, हे शाळा विचारपूर्वक ठरवेल, पालकांना खरी रक्कम सांगता येईल आणि एखादी मुलगी खिडकीपुढे ओठ हलवत बेरीज करीत उभी राहणार नाही. ज्या मुलांना मधुमेहासारखा आजार आहे किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, त्यांचा डबा कोणत्याही चौकशीशिवाय आत जाऊ द्यावा, एवढे तर रक्षकांना लेखी सांगून ठेवावे.

यंदा जानेवारीत आमची सहल पुन्हा निघणार आहे. ज्या पार्कला जाण्याचा विचार आहे, त्यांना मी शाळेच्या पत्राने तीन गोष्टी विचारल्या आहेत : पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत, डबा खाण्यासाठी फाटकाबाहेर जागा मिळेल का, आणि शंभर रुपयांच्या आत एका मुलाचे पोट भरेल असे आत काय मिळते. उत्तर आले नाही, तर आम्ही दुसरे ठिकाण पाहू. उत्तर आले, तर ते आमच्या तालुक्यातील इतर सहलप्रमुखांनाही कळवेन. त्या मुलीच्या आईने यंदाही धपाटी करून देण्याचे आधीच सांगून ठेवले आहे आणि ती कुठे बसून खाता येतील, तेवढे मला तिला नक्की सांगायचे आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका,
सातारा जिल्हा